मोत्याला कुत्रे चावले, ही गोष्ट घरात लपवू नका



गेल्या गळीत हंगामातली गोष्ट. सहावीतला एक मुलगा दोन दिवस वर्गात अगदी गप्प होता. उजव्या हाताच्या बोटाला फडके बांधलेले. बाईंनी विचारले तर म्हणाला, "विळा लागला." मधल्या सुट्टीत त्याच्या शेजारी बसणाऱ्या मित्राने बाईंना खरे काय ते सांगितले. उसाच्या फडाकडे त्याच्या मोत्याला एका परक्या कुत्र्याने मानेला धरून लोळवले होते. या मुलाने कोणाला न सांगता स्वयंपाकघरातली हळद उचलली, मोत्याला गोठ्यामागे नेले आणि उघड्या हाताने जखमेत हळद भरली. बोट विळ्यानेच कापले होते हे खरे, पण ते आदल्या दिवशी. त्याच कापलेल्या बोटाने त्याने मोत्याची मान चाचपली होती.

घरी का सांगितले नाहीस, असे विचारल्यावर तो म्हणाला, "आण्णा त्याला नदीपलीकडं सोडून आले असते की, बाई."

हे उत्तर ऐकून आम्ही शिक्षक दिवसभर अस्वस्थ होतो. त्याच संध्याकाळी वडिलांना बोलावून मुलाला सरकारी दवाखान्यात पाठवले. सुदैवाने वडील समजूतदार निघाले. पण अशी किती मुले गोठ्यामागे बसून हळद भरत असतील, हा विचार डोक्यातून जाईना. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

माणसाला कुत्रे चावले की आपल्याकडे धावपळ होते. कुत्र्याला कुत्रे चावले तर "कुत्र्याकुत्र्यांचं भांडण, त्यात काय बघायचं" म्हणून सोडून देतात. आमच्या मते खरी चूक इथेच होते. रेबीजचे विषाणू पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेत असतात. ते जखमेतून शिरतात आणि मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतात. कुत्र्यामध्ये या प्रवासाला बहुधा तीन आठवडे ते तीन महिने लागतात, क्वचित त्याहूनही जास्त. तोवर जखम भरलेली असते, केस उगवलेले असतात आणि घरातले ती घटना विसरूनही गेलेले असतात. मग एके दिवशी तेच कुत्रे, ज्याच्या गळ्यात हात टाकून आपली मुले उंबऱ्यावर बसतात, विचित्र वागू लागते.

आता काय करावे ते सांगतो. भांडणारी कुत्री हाताने सोडवायला जाऊ नये. मुलांनी तर मुळीच नाही. बादलीभर पाणी ओतावे, पोते किंवा जुने कांबळे अंगावर टाकावे, पत्रा वाजवावा. सोडवताना आपलेच कुत्रे आपल्याला चावते. त्या क्षणी त्याला माणूस ओळखू येत नाही. भांडण सुटल्यावर मोठ्या माणसाने कुत्र्याच्या तोंडाला कापडाची पट्टी बांधावी. त्याला धाप लागली असेल किंवा ओकारी होत असेल, तर मात्र तोंड बांधू नये. हातमोजे नसतील तर हाताला प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवाव्यात आणि वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे जखम धुवावी. पंधरा मिनिटे म्हणजे घड्याळातली पंधरा मिनिटे, तांब्याभर पाणी ओतून "झालं" म्हणणे नव्हे. या विषाणूवर स्निग्ध पदार्थाचे आवरण असते आणि साबणाने ते फुटते, म्हणून साधा साबण इतका मोलाचा. कुत्रे अंग झाडते तेव्हा शिंतोडे डोळ्यांत, तोंडात जाणार नाहीत अशा बेताने उभे राहावे.

हळद, चुना, तंबाखू, चटणी, रॉकेल यांपैकी काहीही जखमेत भरू नये. आमच्या आजीही हळद लावत असत आणि आजीविषयी आमच्या मनात आदरच आहे. पण चाव्याच्या जखमेत पूड भरली की घाण आत कोंडून राहते. कुत्र्याच्या चाव्याची जखम फसवी असते. वरून दोन बारीक भोके दिसतात, आत मांस फाटलेले असते, कारण धरणारे कुत्रे झटके देते आणि कातडी आतल्या मांसावरून सरकते. दोन-तीन दिवसांनी तिथे गळू होते. मानेला, छातीला किंवा पोटाला चावा असेल, तर वरून रक्त कमी दिसले तरी थांबू नये. आपल्या डोकेदुखीच्या, अंगदुखीच्या गोळ्याही कुत्र्याला देऊ नयेत. त्यांतल्या काहींनी कुत्र्याचे पोट, यकृत किंवा मूत्रपिंड बिघडते.

त्यानंतर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी, जनावरांच्या दवाखान्यात जावे. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, "याला रेबीजची लस टोचली होती का? केव्हा?" लस वेळेवर झालेली असेल तर लगेच एक जादा डोस देतात आणि दीड महिना कुत्र्यावर लक्ष ठेवायला सांगतात. लस कधीच झालेली नसेल तर गोष्ट अवघड होते. आपल्याकडे अशा कुत्र्याला साधारणपणे पाच डोस देतात. चावल्यावर पहिला डोस मिळेल तो दिवस शून्य धरायचा, मग तिसरा, सातवा, चौदावा आणि अठ्ठाविसावा दिवस. शिवाय चार ते सहा महिने त्याला मुलांपासून आणि जनावरांपासून वेगळे बांधावे लागते. मोत्याला लस कधीच टोचलेली नव्हती. म्हणजे जे काम वर्षाला एका सुईत झाले असते त्यासाठी पाच फेऱ्या आणि अर्ध्या वर्षाची साखळी. तीही सुटण्याची हमी नाही, नुसती आशा.

चावणाऱ्या कुत्र्याचाही शोध घ्यावा, पण काठी घेऊन नव्हे. ते कुणाच्या घरचे असेल तर भांडायला न जाता लस झाली आहे का एवढे विचारायला जावे आणि दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवावी. दहा दिवसांनंतरही ते खाते-पिते, धडधाकट असेल, तर चावला त्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हते असे समजतात. आपल्याकडे हंगामात ऊसतोड कामगारांच्या खोपट्यांजवळ कुत्री येतात, मोकळ्या रानात धनगरांचे कळप बसतात, त्यांचीही कुत्री असतात. ही माणसे दहा दिवसांत पुढच्या गावाला निघून जातात. म्हणून शोध लागलाच नाही तर ते कुत्रे पिसाळलेले होते असे धरूनच चालावे.

आणि आता नदीपलीकडे सोडण्याविषयी. हे आम्ही स्पष्टच लिहितो, कोणाला राग आला तरी चालेल. चावलेले कुत्रे पोत्यात घालून दूधगंगेपलीकडे, कारखान्याच्या रस्त्यावर किंवा परगावच्या बाजारात सोडून येणे म्हणजे आपल्या घरचा धोका दुसऱ्याच्या मुलांच्या अंगावर ढकलणे होय. घरी बांधलेल्या कुत्र्यावर नजर तरी असते. सोडलेले कुत्रे कुणाला चावले हे कुणालाच कळत नाही. मुंगीही मरू नये म्हणून पाणी गाळून पिणारी घरे आपल्या गावात आहेत. त्याच गावात हे चालावे याचे आम्हाला वाईट वाटते. शिवाय ज्या घरात ही शिक्षा ठरलेली आहे, त्या घरातले मूल चावा लपवणार. आमच्या विद्यार्थ्याने लपवला तो मोत्याच्या प्रेमापोटी. त्याला दोष कसा द्यावा?

लक्षणांविषयी थोडे. पिसाळलेले कुत्रे म्हणजे लाल डोळ्यांनी धावत सुटलेले, एवढेच चित्र आपल्या मनात असते. कन्नडमध्ये 'हुच्चु नायी' म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढेही तेच येते. पण काही कुत्री उलट शांत होतात, कोपऱ्यात अंधारात बसतात, जबडा लोंबतो, लाळ गळते, घास गिळता येत नाही, भुंकण्याचा आवाज बदलतो. घरच्यांना वाटते, घशात हाड अडकले. मग एखादे आजोबा मायेने त्याच्या तोंडात हात घालतात. असे कधीही करू नये. रोगाची लक्षणे दिसल्यावर कुत्र्यालाही आणि माणसालाही जवळजवळ कधीच वाचवता येत नाही.

म्हणून चावलेल्या कुत्र्याबरोबर त्याला हाताळणाऱ्या माणसाचाही विचार त्याच दिवशी करावा. धड कातडीवर लाळ लागली तर धुतले की पुरे. कापलेल्या, खरचटलेल्या जागी, डोळ्यांत किंवा तोंडात लागली असेल, तर हात धुऊन थेट दवाखाना. पुष्कळ पालक अजून पोटातल्या चौदा इंजेक्शनांना घाबरतात. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस आपल्या देशात २००५ च्या सुमारास बंद झाली. आता दंडात चार-पाच वेळा सुई घ्यावी लागते आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. जखम कशी आहे ते पाहून डॉक्टर जखमेतच आणखी एक औषध टोचतात. त्याला नाही म्हणू नये. आमच्या विद्यार्थ्याने सगळे डोस वेळेवर घेतले. शेवटच्या वेळी तर तो एकटाच रांगेत उभा होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे संशयित पिसाळलेल्या प्राण्याने चावलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात. आपल्या देशात रेबीजने दरवर्षी किती माणसे जातात याचा जुना अंदाज १८ ते २० हजारांचा होता. २०२२-२३ च्या पाहणीवरून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी तो सुमारे ५७०० धरला. आकडा कमी झाला म्हणून समाधान मानावे असा हा रोग नव्हे, कारण तो पूर्णपणे टाळता येतो. चोर्ला घाट उतरला की गोवा. तिथे सरकार आणि 'मिशन रेबीज' यांनी २०१३ पासून वाड्यावाड्यांतून कुत्र्यांना लस टोचली, शाळाशाळांतून मुलांना शिकवले, आणि २०१८ ते २०२० या वर्षांत तिथे रेबीजने एकही माणूस दगावला नाही. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस झाली तर रोगाची साखळी तुटते असे मानतात. बेळगावला टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोचे मैदान तुम्ही पाहिले असेल. तिथे एके काळी देवीची लस तयार होत असे. देवीचा रोग आजच्या मुलांना फक्त पुस्तकात भेटतो.

शेवटी आमच्या शाळेची चूकही कबूल केली पाहिजे. दुपारच्या जेवणातले उरलेले अन्न कित्येक दिवस कुंपणालगत टाकले जात होते. त्यावर पाच-सहा कुत्री जमत आणि भांडत, आणि मुले ते पाहत उभी राहत. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, दवाखाने, बसस्थानके यांच्या आवारांतून भटकी कुत्री हलवून, नसबंदी व लसीकरण करून निवाऱ्यात ठेवावीत, परत तिथे सोडू नयेत, असा आदेश दिला. तो अमलात आणणे नगर प्रशासनाचे काम आहे आणि त्यासाठी आम्ही अर्ज दिला आहे. पण उष्टे उघड्यावर न टाकणे आमच्याच हातात होते. आता झाकणाची बादली ठेवली आहे आणि ते अन्न रोज एका पालकांच्या म्हशींना जाते.

मोत्या सहा महिने गोठ्याच्या एका टोकाला वेगळा बांधलेला होता. त्याचे पाचही डोस झाले. आता तो सुटा आहे आणि शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर येऊन बसतो.

ज्यांच्या घरी कुत्रे आहे त्यांनी त्याच्या लसीची तारीख मुलाच्या दैनंदिनीच्या शेवटच्या पानावर लिहून पाठवावी. लस झालेली नसेल तर तसे लिहावे, कोणी रागावणार नाही. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पहिली सुई, पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. दवाखान्यातले फलक बहुतेक कन्नडमध्ये असतात, तेव्हा आजी-आजोबांबरोबर मुलांनी जावे आणि वाचून दाखवावे. यादी पूर्ण झाली की जनावरांच्या डॉक्टरांना एक दिवस शाळेत बोलावण्याचा विचार आहे. त्या दिवशी कुत्रे दोरीने बांधून मोठ्या माणसाने आणावे, पोत्यात घालून आणू नये, आणि दोन कुत्र्यांमध्ये निदान दहा हातांचे अंतर ठेवावे.