रोजगाराची सवलत आणि वहीतले नाव

शासनाने करात सूट द्यावी आणि तिच्या मोबदल्यात व्यापाऱ्याने चार हातांस काम द्यावे, हा व्यवहार आपल्या देशास नवा नाही. महाराष्ट्राने १९६४ सालापासून प्रोत्साहन योजना आखून मुंबई-पुण्याबाहेर कारखाने नेण्याचा यत्न केला. गोव्याची गणना औद्योगिकदृष्ट्या मागास राज्यांत होऊन १९९३ पासून येथील नव्या कारखान्यांस पहिली पाच वर्षे नफ्यावर संपूर्ण प्राप्तिकरमाफी मिळू लागली. त्या सवलतीची मुदत आता सरली आहे. ती नफ्यावर होती, माणसांवर नव्हती. नफा यंत्राने मिळविला तरी माफी तेवढीच. पुढे माणूस हेच माप मानणाऱ्या सवलती आल्या, आणि त्या कारखानदारापुरत्या राहिल्या नाहीत. आपल्या सुर्ला-डिचोली भागातील दुकानदाराचे मात्र त्यांकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे आम्हांस वाटते.

प्राप्तिकर कायद्यात १९९८ साली आलेले ८०-जेजेएए हे कलम २०१६ साली, ज्यांच्या हिशेबांचे कायद्याने लेखापरीक्षण करावे लागते अशा सर्व व्यवसायांस खुले झाले. २०२५ च्या नव्या कायद्यातही ही तरतूद राखलेली आहे. नव्या नोकराच्या वेतनाच्या ३० टक्के इतकी जादा वजावट तीन वर्षे मिळते. अटी इतक्याच की, मासिक वेतन २५,००० रुपयांहून अधिक नसावे, ते बँकेमार्फत द्यावे, नोकर भविष्यनिर्वाह निधीचा सभासद असावा, त्याने सर्वसाधारणपणे वर्षात २४० दिवस काम केलेले असावे आणि पेढीतील एकूण नोकरसंख्या वाढलेली असावी.

याच्या जोडीस प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना आहे. ही करसवलत नव्हे, रोख साहाय्य होय. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात निर्माण होणाऱ्या नोकऱ्यांसाठी ती आहे. पन्नासांहून कमी नोकर असलेल्या मालकाने किमान दोन नवे नोकर ठेवून ते सहा महिने टिकविले, तर वेतनानुसार प्रत्येकी दरमहा ३,००० रुपयांपर्यंत साहाय्य दोन वर्षे मिळते.

आता रोकडा हिशेब पाहू. दरमहा १५,००० रुपये मूळ वेतनाच्या नोकरामागे वर्षाला ५४,००० रुपयांची वजावट मिळते. ३० टक्के दराने कर भरणाऱ्याचे, उपकर वगळता, १६,२०० रुपये वाचतात. उलट निधीची मालकाची वर्गणी व अनुषंगिक आकार मिळून सुमारे १३ टक्के, म्हणजे २३,४०० रुपये खर्च येतो. एकट्या करसवलतीने हा खर्च भरून निघत नाही, हे स्पष्टच आहे. रोजगार योजनेचे २४,००० रुपये मिळविले की दोन वर्षे तो निघतो. त्यानंतरचा भार मालकाचा. मग हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील.

त्याचे उत्तर २०१८ सालाने दिलेले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ फेब्रुवारीच्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द झाली आणि १६ मार्चपासून खाणकाम थांबले. ट्रक उभे राहिले, त्यांच्यामागोमाग गॅरेज, सुट्या भागांची दुकाने, खाणावळी आणि किराण्याची उधारी यांना झळ पोचली. कंपनीच्या पटावरील कामगारास निदान हक्क मागण्यास कागद होता. ट्रकवरील क्लीनर आणि दुकानातील गडी यांपैकी ज्यांचे नाव कोणत्याच वहीत नव्हते, त्यांना मागण्यास दारच नव्हते. वीसहून कमी नोकर असलेल्या दुकानास निधीची सक्ती नाही. परंतु स्वेच्छेने नोंदणी करता येते. सवलत हे केवळ निमित्त. नाव वहीत चढणे हा खरा लाभ होय.

तथापि सवलतीचा मोह मनुष्यास आडवाटेसही नेतो. घरातील माणसांची नावे नोकर म्हणून पटावर चढविणे, एका पेढीच्या कागदोपत्री दोन पेढ्या करणे, हे प्रकार व्यापारी जगतास अपरिचित नाहीत. चालू व्यवसायाची फाळणी करून उभ्या केलेल्या पेढीस कायदा ही वजावट देत नाही. पण कायद्याच्याही आधी आपल्या धर्माने ही सीमा आखलेली आहे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोटे माप आहे, राज्याच्या नियमांचे उल्लंघन आहे आणि खऱ्याच्या जागी बनावट वस्तू देणेही आहे. पटावरील खोटा नोकर ही बनावट वस्तूच नव्हे काय?

एकट्या दुकानदारास हे दरमहाचे अर्ज आणि भरणा जड जातो, हे मान्य केले पाहिजे. म्हणून आमची सूचना अशी की, संघटनेने सर्व सभासदांसाठी एक जाणकार मुनीम नेमावा आणि त्याचा खर्च वर्गणीतून वाटून घ्यावा. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीशेजारी, आपल्या सभासदांनी किती नावे वहीत आणली तो आकडाही छापला जावा.