आधी कुत्र्याकडे पाहा, मग मांजर आणा

सोलापूरजवळच्या कुंभारीकडून हल्ली एक प्रश्न वारंवार येतो. घरी कुत्रा आहे, आता मांजर आणायचं मनात आहे. दोघं एका छपराखाली नांदतील का? विचारणारी मंडळी बहुतेक रे नगरातली, काही गोदूताई परुळेकर वसाहतीतली. विडी कामगार बायांची ती दहा हजार घरांची वसाहत २००६ साली उभी राहिली. रे नगरच्या तीस हजार घरांपैकी पहिली पंधरा हजार घरं १९ जानेवारी २०२४ रोजी लोकांच्या हाती आली. भाड्याच्या खोलीत मुकं जनावर पाळायचं म्हणजे घरमालकाची मर्जी सांभाळावी लागते. आता घर आपलं आहे, म्हणून पोरांनी हट्ट धरलाय. हा हट्ट मला मनापासून आवडतो.

तर नांदतील. पण नांदतील की नाही हे मांजरावर फारसं ठरत नाही. ते तुमच्या कुत्र्यावर आणि त्याहून जास्त तुमच्यावर ठरतं. बहुतेक जण आधी पिल्लू घरात आणतात आणि मग कुत्रा काय करतो ते बघतात. हा क्रम उलटा करा, एवढंच मला आज सांगायचं आहे.

कुत्रा आपल्या ओळखीचा. खंडोबाच्या पायाशी तो असतो, दत्ताच्या तसबिरीत चार-चार असतात. अक्कलकोटच्या वाटेवरच्या गावाला हे वेगळं सांगायला नको. मांजराचं तसं नाही. ते आडवं गेलं की अजूनही काही जण दोन पावलं मागे येतात. त्यामुळे कुत्र्याबद्दलची समज आपल्याला घरातूनच मिळते, मांजराबद्दलची मात्र बरीचशी ऐकीव असते. कुत्रा पाळला आहे म्हणजे मांजरही पाळता येईल, असं धरून चालू नका.

आधी तुमचा कुत्रा दिवसभर कसा असतो ते पाहा. आपल्याकडे पुष्कळ घरी तो दाराशी साखळीला असतो. साखळी पोचेल तेवढंच त्याचं जग. त्या जगाच्या कडेवरून काही सुळकन गेलं की तो उसळतो आणि गळ्याला हिसका बसतो. असं महिनोन्‌महिने चाललं की पळणारी प्रत्येक गोष्ट त्याच्या डोक्यात ठिणगी टाकते. अशा कुत्र्यासमोर मांजर आणणं दोघांवरही अन्याय आहे. आधी त्याची साखळी सोडवा, सकाळ-संध्याकाळ त्याला पट्ट्यानं फिरवा, ‘बस’, ‘सोड’, ‘इकडे ये’ एवढं तरी शिकवा. दोन-तीन महिने जातील, जाऊ द्या.

एक सोपी परीक्षा सांगते. त्याला पट्ट्याला धरून गल्लीतल्या कोंबड्यांच्या बाजूनं न्या. त्यानं पाहिलं, कान टवकारले, तुम्ही हाक मारल्यावर मान वळवून तुमच्याकडे आला, तर आशा आहे. पण अंग लाकडासारखं ताठ, तोंड मिटलेलं, नजर खिळलेली, अंगाला बारीक कंप आणि नाव घेतलं तरी कान हलत नाही, असं असेल तर तो शिकारीच्या तंद्रीत आहे. भुंकणाऱ्या कुत्र्यापेक्षा हा गप्प झालेला कुत्रा मांजराला जास्त धोक्याचा. कारवानी किंवा मुधोळ जातीचा कुत्रा असेल तर दुप्पट सावध राहा. नजरेनं शिकार हेरून धावत गाठायची, यासाठीच ही जात पिढ्यान्‌पिढ्या जोपासली गेली. त्यात त्याचा काही दोष नाही. मोठ्या वयाचा, ससे-घोरपडींमागे धावलेला कारवानी घरी असेल, तर मी स्पष्ट सांगेन, मांजर आणू नका.

तेल अवीव विद्यापीठातल्या संशोधकांनी कुत्रा आणि मांजर दोन्ही असलेल्या घरांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. सुमारे दोन तृतीयांश घरांत दोघांचं छान जमलं होतं, उघड वैर होतं ते दहातल्या एखाद्या घरात. मांजर आधीपासून घरात असेल आणि कुत्रा नंतर आला, तर जास्त सहज जमतं, असंही त्यांना दिसलं. मांजर सहा महिन्यांच्या आत आणि कुत्रा वर्षाच्या आत असताना गाठ पडली तर आणखी बरं. आपल्या घरी कुत्रा आधीचा, म्हणजे आपली वाट थोडी चढाची. म्हणून पिल्लू निवडताना विचार करा. दोन महिन्यांच्या आत आईपासून तोडलेलं पिल्लू नको. तीन महिन्यांपर्यंत आई-भावंडांत राहिलेलं उत्तम. शांत कुत्रा असलेल्या घरातलं मिळालं तर सोन्याहून पिवळं. काळं असलं म्हणून नाकारू नका.

याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. एका घरात वाढलेली कुत्री-मांजरं एकमेकांच्या खुणा वाचायला शिकतात. कुत्र्याची शेपटी हलते ती बहुधा खुशीनं, मांजराची सपासप हलते ती वैतागून. कुत्रा पाठीवर लोळून पोट दाखवतो तेव्हा तो नमतं घेतो. घेरलेलं मांजर पाठीवर पडतं ते चारही पंजे मोकळे करायला. हे शिकायला त्यांना वेळ लागतो, आणि तोवर मध्ये दुभाष्या म्हणून तुम्हीच असता.

आता घर. रे नगरातलं घर सुमारे तीनशे चौरस फुटांचं. एवढ्याशा जागेत कसं होणार, असं लोक विचारतात. जागा जमिनीवर मोजली तर कमीच पडेल. मांजर जागा उंचीवर मोजतं. जमीन कुत्र्याची, वरचा भाग मांजराचा, अशी वाटणी करून द्या. माळा, कपाटाचा माथा, भिंतीला ठोकलेल्या दोन फळ्या. जमिनीला पाय न लावता खिडकीपासून माळ्यापर्यंत जाता येईल अशी वाट हवी. दार पुरतं न लावता चार-पाच बोटांची फट राहील अशी दोरी आतून बांधा. मांजर निसटेल, मोठा कुत्रा अडेल. खिडक्यांना पक्की जाळी. वरच्या मजल्यावरून मांजर पडतं आणि चार पायांवर पडलं तरी जबडा, छाती फुटते. बाहेर सोडायचंच नाही हे आपल्या लोकांना क्रूर वाटतं, पण वसाहतीतल्या मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या आणि रस्त्यावरची वाहनं पाहता घरातलं मांजर घरातच असावं, असं माझं ठाम मत आहे. मात्र मग रोज दोन वेळा त्याच्याशी खेळणं हे तुमचं काम झालं.

पिल्लू आलं की पहिले काही दिवस आतल्या खोलीत, दार बंद. जुना सोलापुरी टॉवेल मधोमध फाडा. एक तुकडा मांजराच्या गालांवरून फिरवा आणि कुत्र्याच्या अंथरुणाजवळ ठेवा, दुसरा कुत्र्याच्या अंगावरून फिरवून मांजराकडे. दोघांची जेवणं बंद दाराच्या दोन बाजूंना. ताटली दाराला लागून असतानाही दोघं निवांत खाऊ लागली, की दार फटीएवढं उघडा. समोरासमोरची पहिली भेट पट्ट्यावर, कुत्रा दमून आल्यावर, आणि पाच मिनिटांत आटोपती घ्या. मांजराला कडेवर घेऊन ‘बघ, बघ’ करत कुत्र्याच्या नाकाशी नेऊ नका. ते बोचकारून तुमच्या खांद्यावरून उडी मारेल, कुत्रा मागे धावेल आणि तो पाठलाग दोघांच्याही लक्षात राहील. मांजर फिस्कारलं तर ओरडू नका, तो त्याचा हक्क आहे. कुत्र्यानं नजर वळवली की लगेच खाऊ द्या, मनसोक्त कौतुक करा. कुणाला आठवडा लागतो, कुणाला दोन महिने. तोवर घरी कुणी नसताना दोघांना एकत्र ठेवायचं नाही.

कुंभारीच्या घरांत दोन धोके खास आहेत. पहिला दोऱ्याचा. घरात विडी वळली जाते, कुणी यंत्रमागावर जातं, कुणाचं शिलाईचं काम असतं. कोपऱ्याकोपऱ्यात दोरा सापडतोच. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेनं वळलेले असतात. दोऱ्याचं टोक एकदा त्यांत अडकलं की त्याला थुंकता येत नाही, ते गिळतच जातं. कधी मधला वेढा जिभेच्या मुळाशी अडकून राहतो आणि दुसरं टोक आतड्यात उतरतं. आतडं पुढे ढकलू पाहतं, दोरा सुटत नाही, आणि नाडी ओढल्यावर नेफा गोळा व्हावा तसं आतडं त्याच्यावर चुणत जातं, शेवटी कापलं जातं. मांजर ओकतंय, खात नाही, कोपऱ्यात दबून बसलंय असं दिसलं, तर तोंड उघडून जिभेखाली पाहायला डॉक्टरांना सांगा. तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नका, घरी कापूही नका, तसंच उचलून न्या. आणि दोऱ्याची रिळं झाकणाच्या डब्यात ठेवायची सवय पिल्लू येण्याआधीच लावून घ्या.

दुसरा तंबाखूचा. सुपातली भुकटी मांजराच्या पायाला, केसांना लागते आणि अंग चाटताना पोटात जाते. निकोटीन कुत्रा-मांजर दोघांनाही विष आहे. लाळ गळणं, ओकारी, थरथर ही लक्षणं. विडीचं काम चालू असेल तोवर मांजर दुसऱ्या खोलीत, आणि उठताना सूप झाकून.

कुत्रा असलेल्या घरी आणखी एक जीवघेणी गोष्ट असते, ती म्हणजे गोचिडांचं औषध. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांत पर्मेथ्रिन असतं. गुरांच्या गोचिडांवर मारतात ती सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिनही त्याच कुळातली. कुत्रा ते पचवतो. मांजराच्या यकृताची ते मोडून काढण्याची ताकद फारच तोकडी. पर्मेथ्रिनचा कुत्र्यासाठीचा डोस मांजराला लागला तर काही तासांत झटके येऊन ते जाऊ शकतं. औषध लावलेल्या कुत्र्याला बिलगून झोपणंही धोक्याचं. म्हणून कुत्र्यासाठीचं औषध बदलायला हवं का, हे मांजर आणण्याआधी पशुवैद्याला विचारा. आणि ताप आला म्हणून पॅरासिटामॉलचा तुकडा मांजराला कधीही देऊ नका, अर्धी गोळीदेखील जीव घेते.

खाण्याबद्दल स्पष्ट बोलते, कारण या भागात शाकाहारी घरं पुष्कळ आहेत. कुत्रा भाकरी, भात, अंडं, दूध यांवर कसाबसा निभावून नेतो. मांजर नाही. त्याला टॉरिन नावाचा घटक मांसातूनच मिळतो. तो कमी पडला की डोळ्याचा पडदा खराब होतो, हृदय कमजोर होतं. कुत्र्याच्या खाद्यात तो मांजराला पुरेल इतका असेलच असं नाही. आणि ज्या दुधासाठी मांजर प्रसिद्ध, ते मोठ्या मांजराला बरेचदा पचत नाही, हगवण लागते. घरात मांस किंवा मांजराचं तयार खाद्य चालणार नसेल, तर मांजर आणू नये. घराच्या आचाराचा मान राखूनच हे म्हणते आहे. मांजराला जेवू घालायची जागा उंच असावी, नाहीतर कुत्रा आधी ताटली चाटून मोकळा होतो.

शी-शूसाठी पसरट टबात चाळलेली बारीक वाळू चालते. टब कुत्र्याच्या वाटेत नको. मांजराची विष्ठा कुत्र्याला खाऊ वाटते, त्यातून जंत होतात. शिवाय तिथे कुत्रा घुटमळत राहिला तर मांजर टब सोडून तुमच्या गादीवर जाईल. टब रोज साफ करा. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू विष्ठेत असलाच तर तो बाधण्याजोगा व्हायला किमान एक दिवस लागतो. घरात कुणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्यानं करावं.

कुत्र्याची लस मांजराच्या उपयोगाची नाही. मांजराच्या तीन आजारांवरची लस दोन महिन्यांच्या सुमारास सुरू होते, रेबीजची तीन महिन्यांनंतर. दोघांची रेबीजची लस कधीही चुकवू नका. खेळता खेळता चावलं, बोचकारलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि दवाखाना गाठा. सरकारी दवाखान्यांत गाई-म्हशी, शेळ्यांची गर्दी जास्त, तेव्हा मांजरं तपासणारे डॉक्टर सोलापुरात कोण, हे आधीच ठरवून ठेवा. साधारण पाच-सहा महिन्यांत नसबंदी उरका. माजावर आलेली मांजरी रात्र रात्र ओरडते, कुत्रा बिथरतो, आणि केलेली सगळी मेहनत पाण्यात जाते.

दोन-तीन महिने प्रामाणिक प्रयत्न करूनही कुत्र्याची नजर तशीच खिळत असेल, मांजर माळ्यावरून खाली उतरतच नसेल, तर त्याला दुसरं चांगलं घर शोधून द्या. त्यात कमीपणा नाही. म्हणून पिल्लू घेतानाच देणाऱ्याशी बोलून ठेवा की, नाही जमलं तर परत घ्याल का. आणि मुहूर्त पाहायचाच असेल तर दिवाळीच्या फटाक्यांचा काळ टाळा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हाही बंद खोलीत नवं पिल्लू नको. दिवाळी उरकल्यावर, थंडीत, घरातलं कुणीतरी आठवडाभर कामावरून सुट्टी काढू शकेल असे दिवस बघा. तोवर कुत्र्याला ‘सोड’ शिकवायला आणि दोन फळ्या ठोकायला भरपूर वेळ आहे.