अडचण चालण्याची की बसण्याची?

आषाढी वारीत माउलींची पालखी वेळापूरला मुक्कामी येते, तेव्हा खुब्याच्या दुखण्याने ओट्यावर खिळलेल्या वृद्धांचे लक्ष वारकऱ्यांच्या पायांकडे लागलेले असते. ‘खुबा बदलला, तर पंढरपूरपर्यंत चालता येईल का?’ हा त्यांच्या मनातला प्रश्न. डॉक्टरांसमोर मात्र ‘दुखणे थांबेल ना?’ एवढेच विचारून संमतिपत्रावर सही होते.

दुखणे बहुधा थांबते. सर जॉन चार्नली यांनी १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये रूढ केलेली ही शस्त्रक्रिया आज अत्यंत भरवशाची मानली जाते. दहापैकी सुमारे नऊ रुग्ण समाधानी असतात. गुडघ्याच्या बाबतीत हेच प्रमाण आठच्या आसपास आहे. मग उरलेला एक नाराज का? पुष्कळदा क्ष-किरण चित्रात सांधा उत्तम बसलेला असतो, पण मनातले चित्र वेगळे असते. शिवाय झिजेमुळे अनेक वर्षे कळा सोसलेला माणूस शस्त्रक्रियेनंतरच्या चालण्याची तुलना त्या कळांशी करतो, तर न्हाणीत घसरून हाड मोडलेल्या आजी ती तुलना पडण्याच्या आदल्या दिवसाशी करतात. दोघांचे समाधान सारखे कसे असेल? कंबरेच्या मणक्यातून येणारी कळ तर नव्या खुब्याने जाणारच नाही. ती वेगळी तपासून घ्यावी.

खुब्याची सुधारणा मोजण्यासाठी ऑक्सफर्डची बारा प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. तीत मोजे घालणे आहे, जिना आहे, खुर्चीतून उठणे आहे. मांडी घालून जेवणे किंवा उकिडवे बसणे नाही. ती खुर्चीवर बसणाऱ्या समाजाने केलेली आहे, त्याला इलाज नाही. म्हणून तेरावा प्रश्न तुम्हीच लिहून न्या: मला पूजेला खाली बसायचे आहे, देशी शौचालय वापरायचे आहे, ते जमेल का, आणि कधी? उत्तर सांध्याचा प्रकार, शस्त्रक्रियेची पद्धत आणि तुमचे स्नायू यांवर ठरते.

पहिले काही आठवडे खुबा काटकोनापेक्षा अधिक वाकवू नका, पायावर पाय टाकू नका, असे पुष्कळ शल्यविशारद सांगतात. सेवा करणाऱ्यांनी कमोडची उंच खुर्ची रुग्ण घरी येण्यापूर्वीच आणावी. सर्वाधिक फरक पहिल्या तीन महिन्यांत जाणवतो, परंतु लंगडणे कमी होऊन बळ येण्यास वर्षही लागते. जखमेतून स्राव, ताप किंवा पोटरीला सूज आल्यास मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

आणि वारी? व्यायाम नेटाने केल्यास पुढे लांब चालणे अनेकांना साधते. खरी अडचण मुक्कामाची असते: तंबूत जमिनीवर झोपणे, पंगतीला बसणे, पहाटे उघड्यावर जाणे. डॉक्टरांना विचारताना केवळ अंतर सांगू नका, मुक्कामही सांगा.