पेट्या वाढल्या, पण माशा निरोगी आहेत काय?

आमचे लालबाग केळीच्या मुलखात वसले आहे. केळीचे फळ परागीभवनावाचून धरते. मग मधमाशीची चिंता आम्ही का वाहावी, असे कोणी विचारील. परंतु याच मुलखात कलिंगड, काकडी व भोपळाही पिकतो, आणि कांद्याचे बी धरायचे तर फुलांवर कीटक यावेच लागतात. या कामात मधमाशी अग्रेसर होय.

केळीचा बागायतदार हरण्या रोग चांगला ओळखतो. रोगाचा विषाणू मावा ही कीड झाडोझाडी नेते. म्हणून शहाणा शेतकरी रोगट झाड उपटून टाकतो आणि माव्यावर नजर ठेवतो. मधमाश्यांच्या पोळ्यातही असाच एक वाहक शिरला आहे. त्याचे नाव व्हरोआ. हा गोचिडीच्या जातकुळीतील, जेमतेम दीड मिलिमीटर रुंदीचा, तांबूस कोळी. पोळ्यातील घर मेणाने बंद होण्याच्या सुमारास मादी आत शिरते, वाढत्या पिलाच्या अंगाला भोक पाडून त्यावर पोसते व तेथेच अंडी घालते. त्याच जखमेतून विषाणू थेट पिलाच्या शरीरात उतरतो. मग चुरगळलेल्या पंखांची माशी जन्मास येते. तिला उडता येत नाही आणि ती लवकरच मरते.

वाहकाने केवढा फरक पडतो, हे हवाई बेटांवर दिसून आले. व्हरोआ २००७ साली तेथे प्रथम आढळला. त्याच्या आगमनापूर्वी पंख विकृत करणारा विषाणू सुमारे दहा टक्के वसाहतींत होता. कोळी पसरल्यावर तो शंभर टक्के वसाहतींत आढळला. विषाणू जुनाच होता. त्याला वाहन तेवढे नवे मिळाले.

हा कोळी मूळचा आशियातील माशीवरचा. आपली सातेरी माशी त्याला अंगावरून झाडून काढते, आणि तिच्या पोळ्यात तो मुख्यतः नरांच्या घरांतच वाढतो. युरोपीय माशीला ही विद्या फारशी अवगत नाही. अधिक मधाच्या आशेने माणसाने तिला आशियात आणले, तेव्हा कोळ्याने तिच्यावर उडी घेतली. पुढे पेट्यांबरोबर तो जगभर गेला. ऑस्ट्रेलियाने त्याला दीर्घकाळ दूर ठेवले होते. परंतु २०२२ साली तो तेथेही सापडला आणि २०२३ साली त्याच्या समूळ उच्चाटनाचा प्रयत्न सोडून द्यावा लागला.

सातेरी तरी सर्वस्वी सुरक्षित आहे काय? नाही. तिच्या अळ्यांना पिशवीसारख्या करून मारणाऱ्या थाई सॅकब्रूड विषाणूने १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतातील बहुतांश वसाहती नष्ट केल्या. त्याला कोळ्याची गरजही भासली नाही. रोगट वसाहतींची ने-आण अशा रोगास पुरेशी असते.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, पेट्यांची संख्या वाढवणे म्हणजे मधमाशीपालनाची प्रगती नव्हे. पुण्यास १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वरजवळील मांघर २०२२ साली 'मधाचे गाव' झाले. या उद्योगाचे आम्ही स्वागतच करतो. परंतु कोणतीही पेटी तपासणीवाचून गावात येऊ नये, हा पहिला नियम असावा. तपासणी कठीण नाही. राणी वगळून सुमारे तीनशे माशा जाळीचे झाकण असलेल्या बरणीत घ्याव्या, त्यांवर पिठीसाखर टाकून बरणी हलवावी आणि साखर पांढऱ्या कागदावर झटकावी. कोळी असतील तर साखरेबरोबर खाली पडतात. माशा जिवंत राहतात. माहितगार माणसाच्या देखरेखीखाली हे काम थोरल्या विद्यार्थ्यांनीही शिकावे.

औषधे आहेत, पण ती कोळ्यावर चालतात, विषाणूवर नव्हे. त्याच त्या औषधाला कोळीही कालांतराने दाद देईनासा होतो. केळीच्या बागेत आपण जे शिकलो, ते पोळ्यालाही लागू आहे: रोग शिवारात शिरण्यापूर्वीच त्याला वेशीवर अडवावे.