वॉरंटावाचून झडती
१९५२ च्या चित्रपट कायद्याचे कलम ७अ पोलिसाला वॉरंटावाचून कोणत्याही जागी शिरून झडती घेण्याचा व चित्रपट जप्त करण्याचा अधिकार देते. विनाप्रमाणपत्र चित्रपट तेथे दाखविला गेला पाहिजे असेही नाही. दाखविला जाण्याचा संभव आहे, असे त्यास सकारण वाटले की पुरे! भांडवलदाराच्या चित्रगृहाला याची धास्ती नाही; ती कामगारवस्तीत माहितीपट दाखविणाऱ्या कार्यकर्त्याला. जप्तीनंतर न्यायालय आहेच, असे सरकारपक्ष म्हणेल. आणीबाणीत ताब्यात घेतलेला ‘किस्सा कुर्सी का’ (नियम निराळे, वृत्ती तीच) नष्ट झाला. १९७९ साली सुनावलेली शिक्षा १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. मूळ चित्रपट मात्र कोणालाच परत मिळाला नाही. २०२३ साली निर्मात्यांच्या नफ्यासाठी संसदेने हाच कायदा दुरुस्त केला. हे कलम कायम राहिले.