डोंगर वरून पाहतांना

आंबेगांव तालुक्यांतील लोणी हें आमचें मूळ गांव. तालुक्याच्या पश्चिमेस भीमाशंकराकडे पाऊस कोसळत असतां इकडे पूर्वेच्या माळावर ढग नुसती सावली देऊन पुढें जातात. मुरमाड उतार आणि मध्येंच उघडा काळा खडक. पाहुण्यास येथें पाहण्यासारखें कांहींच नाहीं असें वाटावें. गेल्या दिवाळींत आमचा पुतण्या रजेवर घरीं आला. तो विमानदलांत हेलिकॉप्टर चालवितो, आणि दोन वर्षें लडाखांत होता. रात्रीं जेवणें आटोपल्यावर सारें घर ओसरीवर जमलें, तेव्हां आम्हीं उत्सुकतेनें विचारलें, "काय रे, त्या हिमशिखरांची शोभा वरून कशी दिसते?"

तो हंसला. म्हणाला, "काका, पहिले चार दिवस शोभा दिसते. मग उतरावयास सपाट जागा कोठें आहे, तेवढेंच दिसतें."

उंचावर हवा विरळ. त्यामुळें इंजिनाची शक्ति घटते, पात्यांसहि आधार कमी मिळतो. दिवस चढला कीं हवा तापून आणखी विरळ होते, दुपारीं दऱ्यांतून वारे सुटतात. म्हणून कामें सकाळींच उरकावयाचीं. सियाचीनवर १९८४ पासून आपलीं ठाणीं आहेत. त्यांतील वीस हजार फुटांच्या आसपासच्या ठाण्यांवर लहानशा चीता हेलिकॉप्टरास रॉकेलचे एकदोन डबेच नेतां येतात. पण त्याच्या मतें खरें भय शिखरांचें नव्हे, पांढऱ्या रंगाचें. वर ढग, खालीं बर्फ आणि मधलें क्षितिज नाहींसें झालेलें; जमीन दहा हात दूर आहे कीं शंभर, हें डोळ्यास कळत नाहीं.

"अशा वेळीं बर्फावर एखादा रिकामा डबा दिसला, कीं जीव भांड्यांत पडतो. डबा केवढा असतो हें ठाऊक असतें. त्यावरून जमीन किती दूर तें उमगतें."

आमच्या मातोश्री इतका वेळ वाती वळीत होत्या. त्यांनीं विचारलें, "तो डबा तेथें कोण ठेवतो रे?"

"ठाण्यावरचे जवान, आजी."

"म्हणजे तूं एकटा नसतोस तर!" एवढें बोलून त्यांनीं पुनः वाती वळावयास घेतल्या. दोन वर्षें त्यांची झोंप कशानें उडाली होती, तें आम्हांस तेव्हां कळलें.

आम्हांस १९४८ सालची गोष्ट आठवली. त्या युद्धांत श्रीनगर येथील विमानदलाच्या विंगचें नेतृत्व आपले हृषीकेश मुळगांवकर यांनीं केलें, महावीर चक्र मिळविलें, आणि पुढें १९७६ ते १९७८ ते वायुदलप्रमुख होते. त्याच वर्षीं २४ मे रोजीं एअर कमोडोर मेहरसिंग यांनीं जनरल थिमय्यांस घेऊन लेह येथें डाकोटा विमान उतरविलें. साडेअकरा हजार फुटांच्या आसपासची ती जागा, आणि वाटेंत त्याहून किती तरी उंच पर्वत! त्या धाडसाचें कौतुक सर्वत्र होतें, तें योग्यच. परंतु जिच्यावर विमान टेकलें, ती धावपट्टी सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्यानें आधीं तयार करून ठेविली होती, हें मात्र पुष्कळांस ठाऊक नसतें. वरच्याचें शौर्य खालच्याच्या श्रमावर उतरतें.

दुसऱ्या दिवशीं पुतण्यासह माळावर गेलों. शेतांचे दगडी बांध, एक विहीर, लिंबाखालचा गोठा. एरव्हीं ज्यांकडे आम्हीं कधीं पाहिलेंहि नसतें, तीं तो एकेक न्याहाळीत होता. परततांना म्हणाला, "काका, पत्रांत उपदेश थोडा कमी लिहा. विहिरीस पाणी किती, गाय व्याली कीं नाहीं, एवढें कळवीत जा. त्यावरून घर किती दूर आहे, याचा अंदाज येतो."

ज्यांचीं मुलें सीमेवर आहेत, त्या वाचकांस आम्ही हेंच सुचवूं. आमच्या विहिरीस सध्यां सात हात पाणी आहे. तसें आजच त्यास कळविलें आहे.