वॉल्सएन्डच्या क्रेन्स गेल्या कुठे?

ऑनसाइटला यूकेला गेलेला आपला कुठलाही मित्र आठवा. पहिला वीकेंड लंडन आय, दुसरा स्टोनहेंज, तिसरा लेक डिस्ट्रिक्ट आणि चौथ्या वीकेंडला घरची आठवण आली म्हणून साउथॉल. झालं इंग्लंड! पण किंग्ज क्रॉसला गाडीत बसून सरळ उत्तरेला चांगले तीन तास गेलं की एक नदी लागते, टाइन. तिच्या एका काठावर न्यूकॅसल, समोरच्या काठावर गेट्सहेड. खाली संडरलंड आणि डरहॅम, वर नॉर्थंबरलंड. हा सगळा नॉर्थ ईस्ट. आपल्याकडचे टूरवाले इथे सहसा थांबत नाहीत. फार तर एडिंबराला जाताना गाडीच्या खिडकीतून दाखवतात. खरं तर ज्या इंग्लंडनं जगाला रेल्वे दिली, बोटी दिल्या, त्या इंग्लंडचं कारखान्याचं दार म्हणजे हाच भाग. आणि इथल्या एका गोष्टीचं दुसरं टोक थेट आपल्या कोकणात येतं. तिथे येऊच, आधी जरा फिरून घेऊ.

सुरुवात अर्थातच कोळशापासून. इंग्रजीत फुकटच्या उद्योगाला ‘न्यूकॅसलला कोळसा नेणं’ म्हणतात. आपण कोकणात नारळ घेऊन जावं, तसं. इथे जमिनीखाली इतका कोळसा होता की तो बंदरापर्यंत पोचवायचा कसा, हाच मोठा प्रश्न होता. त्यातूनच २७ सप्टेंबर १८२५ ला स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वे सुरू झाली. ती उभी करणारा जॉर्ज स्टीफन्सन टाइनकाठच्या वायलमचा. त्याचा मुलगा रॉबर्ट जन्मला वॉल्सएन्डच्या शेजारी, विलिंग्टन कीमध्ये. हाच रॉबर्ट पुढे आपल्या जीआयपी रेल्वेचा सल्लागार इंजिनिअर झाला. बोरीबंदरहून ठाण्याला जाणाऱ्या गाडीनं १८५३ मध्ये पहिली शिट्टी मारली, त्यात या माणसाचंही डोकं होतं. रोज ८.२३ ची फास्ट पकडताना कुणाला शिव्या घालायच्या, याचा पत्ता मिळाला ना?

पण कोळसा संपला. म्हणजे जमिनीतला नाही, धंद्यातला. १९८४-८५ चा खाणकामगारांचा वर्षभराचा संप इथे घराघरांत लढला गेला. ‘बिली इलियट’ (२०००) पाहिलाय ना? बॅले शिकणारा पोरगा आणि संपावर गेलेला बाप... तो सिनेमा याच डरहॅमच्या किनाऱ्यावरचा. डरहॅम कोलफिल्डमधली शेवटची खाण, संडरलंडची मंकविअरमाउथ, १९९३ च्या डिसेंबरात बंद झाली आणि चार वर्षांत तिच्याच जागेवर फुटबॉल स्टेडियम उभं राहिलं. नाव, स्टेडियम ऑफ लाइट. बाहेर खाणकामगारांच्या दिव्याची मोठी प्रतिकृती आहे. नॉर्थंबरलंडमधली एलिंग्टनही २००५ मध्ये गेली. तोवर टाइन बंदरात परदेशातून आलेला कोळसा उतरायला लागला होता. वाक्प्रचाराचीच पार वाट लागली!

मग या शहरानं केलं काय? मेकओव्हर. आणि तोसुद्धा सॉलिड.

न्यूकॅसलच्या कीसाइडला संध्याकाळी उभं राहिलं की पुलांची रांगच दिसते. रॉबर्ट स्टीफन्सनचा दुमजली हाय लेव्हल ब्रिज (१८४९), वर रेल्वे, खाली रस्ता. मग १८७६ चा स्विंग ब्रिज. मग १९२८ चा टाइन ब्रिज, ज्याला पाहून प्रत्येक जण ‘अरे, हा तर सिडनी!’ म्हणतो. दोन्ही पूल एकाच कंपनीचे, मिडल्सबरोच्या डॉर्मन लाँगचे. सिडनीचं काम आधी मिळालं होतं, पूर्ण झाला तो टाइनचा आधी. त्याच्या कमानीवर आणि खांबांवर किटिवेक नावाचे समुद्रपक्षी घरटी करतात. समुद्रापासून इतक्या आत त्यांची वसाहत जगात दुसरीकडे नाही, म्हणून त्यांचं भारी कौतुक. खालून जाताना मात्र डोकं सांभाळा.

आणि शेवटी २००१ चा मिलेनियम ब्रिज, फक्त चालणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचा. बोट आली की अख्खा पूल डोळ्याच्या पापणीसारखा वर उचलला जातो. पलीकडे गेट्सहेडच्या बाजूला पिठाच्या जुन्या गिरणीत बॉल्टिक नावाची आर्ट गॅलरी (२००२) आणि त्याच्या शेजारी काचेच्या फुग्यासारखं नॉर्मन फॉस्टरचं संगीत केंद्र (२००४). तेव्हा त्याला ‘सेज’ म्हणायचे, २०२३ पासून ‘ग्लासहाउस’ म्हणतात.

या मेकओव्हरचा पोस्टर बॉय म्हणजे ‘एंजल ऑफ द नॉर्थ’. अँटनी गॉर्मलीनं १९९८ मध्ये उभारलेला गंजक्या रंगाचा पोलादी देवदूत. उंची २० मीटर, पंखांची लांबी ५४ मीटर, वजन २०० टन. जागा कुठली? एका बंद खाणीची, जिथे पूर्वी कामगार पाळी संपवून अंघोळ करायचे. आधी लोकांनी भरपूर बोंब मारली. नोकऱ्या नाहीत आणि आठ लाख पौंड पुतळ्यावर? त्याच वर्षी मे महिन्यात न्यूकॅसल युनायटेडच्या काही वेड्यांनी मासेमारीची दोरी आणि गलोली वापरून या देवदूताला ॲलन शिअररची नऊ नंबरची महाकाय जर्सी चढवली. पोलिसांनी ती थोड्याच वेळात उतरवली. पण मला विचाराल तर पुतळ्याचं खरं उद्घाटन तेव्हा झालं. त्या दिवसापासून तो ‘आपला’.

ही जॉर्डी माणसं आहेतच अशी. जॉर्डी म्हणजे टाइनकाठचा माणूस. संडरलंडच्या माणसाला चुकून जॉर्डी म्हणू नका, तो मॅकम. पुणेकराला मुंबईकर म्हटल्यावर जे होईल, त्याच्या दुप्पट होईल. भाषा इंग्रजीच, पण पहिले दोन दिवस कान लावून ऐकावी लागते. दुकानातल्या बाई तुम्हाला ‘पेट’ म्हणतील, म्हणजे लाडानं. कोल्हापुरात अनोळखी माणूस ‘भावा’ म्हणतो ना, तसंच. मूल म्हणजे ‘बेर्न’, घर म्हणजे ‘हायम’, आणि बाईशी बोलतानाही वाक्याच्या शेवटी ‘मॅन’! शुक्रवारी रात्री बिग मार्केटमध्ये कडाक्याच्या थंडीत पोरं शर्टावर आणि पोरी हाफ ड्रेसवर फिरताना दिसतील. कोट घालणं इथे कमीपणाचं.

यांच्या ब्राउन एलची गोष्ट तर एकदम भन्नाट. १९२७ पासूनची ही बिअर म्हणजे शहराचा अभिमान. २००० मध्ये युरोपियन युनियननं तिला संरक्षण दिलं. ही फक्त न्यूकॅसलमध्येच बनली पाहिजे, इतरांनी नाव वापरायचं नाही. आपल्या देवगड हापूससारखं. पण २००५ मध्ये कंपनीनंच न्यूकॅसलची ब्रुअरी बंद करून उत्पादन नदीपलीकडे गेट्सहेडला नेलं. झाली पंचाईत! स्वतःचंच संरक्षण रद्द करा, असा अर्ज कंपनीलाच करावा लागला. २०१० मध्ये ही बिअर आणखी खाली यॉर्कशरला गेली. बाटलीवर न्यूकॅसल, आत यॉर्कशरचं पाणी.

हे सगळं पाहून झालं की बहुतेक जण परततात. माझं म्हणणं, अजून एक दुपार काढा आणि मेट्रो पकडून वॉल्सएन्डला जा.

वॉल्सएन्ड म्हणजे शब्दशः भिंतीचं टोक. रोमन सम्राट हेड्रियननं इसवी सन १२२ मध्ये बांधायला घेतलेली भिंत इथे नदीला येऊन संपते. त्या टोकाला चिकटूनच शंभरहून जास्त वर्षं स्वॉन हंटरचं जहाजबांधणीचं यार्ड होतं. टायटॅनिकच्या वाचलेल्या प्रवाशांना उचलणारी कार्पेथिया इथली. वीस वर्षांहून जास्त काळ अटलांटिक सगळ्यात वेगानं ओलांडण्याचा मान मिरवणारी मॉरेटेनिया (१९०६) इथलीच. तिला पळवणारी टर्बाइन्ससुद्धा टाइनकाठच्याच चार्ल्स पार्सन्सच्या डोक्यातून आलेली. इथे आयुष्य कसं होतं, ते पाहायचं तर ख्रिस किलिपचे सत्तरच्या दशकातले फोटो शोधा. विटांच्या बैठ्या घरांची एक गल्ली, रस्त्यावर खेळणारी मुलं आणि गल्लीच्या टोकाला आकाश झाकून टाकणारं अर्धवट बांधलेलं जहाज. दोन वर्षांनंतरच्या फोटोत ती घरं पाडलेली आहेत. गायक स्टिंग असल्याच गल्लीत वाढला. त्यानं पुढे या यार्डावर ‘द लास्ट शिप’ नावाचं म्युझिकलच केलं.

१९९३ मध्ये नौदलाची मोठी ऑर्डर हातची गेली आणि स्वॉन हंटर दिवाळखोरीत निघाली. १९९५ मध्ये याप क्रोझे नावाच्या डच उद्योजकानं ती विकत घेतली, पुन्हा कामं आली, लोकांना वाटलं, जमलं. पण ‘लाइम बे’ या नौदलाच्या साहाय्यक जहाजाचा खर्च हाताबाहेर गेला. २००६ च्या जुलैमध्ये ते अर्धवट जहाज टगला बांधून स्कॉटलंडला पूर्ण करायला नेलं. शेवटचं जहाज, आणि तेही दुसऱ्याच्या हातून पुरं होणार. काठावर उभं राहून ते जाताना पाहणाऱ्यांना काय वाटलं असेल, हे गिरणगावात वाढलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

मग उरल्या क्रेन्स. नदीवरून, मेट्रोतून, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणाऱ्या. एंजल टुरिस्टांचा, पूल सगळ्यांचा, पण वॉल्सएन्डची खूण म्हणजे या क्रेन्स. २००७ मध्ये त्या तरंगत्या गोदीसकट आणि यंत्रांसकट विकल्या गेल्या. घेणारे कोण? भारती शिपयार्ड. मुंबईची कंपनी, आणि यार्डं रत्नागिरी, दाभोळला! ज्या नदीनं जगाला जहाजं विकली, तिचा कारखानाच सुटा करून आपल्याकडे विकला गेला. तेव्हा आपल्याकडे केवढी कॉलर ताठ झाली होती. जग उलटं फिरलं बॉस, आता जहाजं कोकणात बनणार! पण २००८ च्या मंदीनंतर जहाजांच्या ऑर्डरी आटल्या, कर्ज वाढत गेलं, कंपनीनं नाव बदलूनही पाहिलं. शेवटी २०१९ मध्ये राष्ट्रीय कंपनी लवादानं तिला अवसायनात काढण्याचा आदेश दिला. टाइनच्या वेल्डरला जे काही वर्षांपूर्वी ऐकावं लागलं, तेच दाभोळच्या वेल्डरनं ऐकलं. दोघांची कधी भेट व्हायचं कारण नाही. झालीच तर गप्पा तासभर सहज चालतील.

नॉर्थ ईस्टमध्ये आता काहीच बनत नाही, असं नाही. संडरलंडला १९८६ पासून निसानचा कारखाना आहे, तिथे एक कोटीच्या वर गाड्या बनल्या. वॉल्सएन्डच्या हेड्रियन यार्डात समुद्रातल्या पवनचक्क्यांचे अवाढव्य पोलादी पाय तयार होतात. कामं आहेत. पण ती गल्लीच्या टोकाला दिसत नाहीत आणि सगळ्या गल्लीला पुरत नाहीत.

वॉल्सएन्डच्या मेट्रो स्टेशनवर उतरलात की पाट्या नीट वाचा. इंग्रजीबरोबर चक्क लॅटिनमध्ये आहेत, रोमन पाहुण्यांची सोय! तिथून पाच-दहा मिनिटांवर सेगेडुनम हे रोमन किल्ल्याचं म्युझियम आहे. त्याला ३५ मीटर उंच टॉवर आहे, लिफ्टनं वर जा. एका खिडकीतून रोमन सैनिकांच्या बराकींचा पाया दिसतो, दुसऱ्या बाजूला नदी आणि यार्डाची जागा. वर एखादे आजोबा भेटलेच तर क्रेन्स कुठे होत्या, एवढंच विचारा. आणि तुम्ही महाराष्ट्रातून आलात, हे सांगायला विसरू नका. हां, जॅकेट मात्र घालूनच जा. जॉर्डी हसले तरी चालेल.